वेणी घालता येते का

तिसगावच्या मरियाबाईनं आपल्या लेकीबद्दल जन्मभर एकच उत्तर दिलं होतं. एंजेलाला स्वयंपाक येतो का? येतो. शिवण? येतं. पाहुणे बघायला यायचे तेव्हा एंजेला मान खाली घालून बसायची आणि प्रश्न आला की आईच पुढं होऊन तो झेलायची. अशी सात स्थळं आली, चहा पिऊन गेली. आठवं आलंच नाही.

आता एंजेला एकतीस वर्षांची होती. तिचा बाप जाऊन बराच काळ लोटला होता. मरियाबाईचं काळीज थकलं होतं आणि डॉक्टरनं तिला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, मावशी, मुलीची सोय लावून ठेवा.

राहुरीकडं मिशनच्या सिस्टर लोकांचं एक घर होतं. एंजेलासारख्या, बुद्धीनं लहान राहिलेल्या बाया तिथं राहत, भाजीच्या वाफ्यात काम करत, वेळेवर जेवत. एक जागा रिकामी होती. दोन महिने धरून ठेवतो म्हणाले, पण सरकारी दवाखान्याचा कागद हवा. मुलीची बुद्धी मोजून दिलेला.

दूध मोजतात, बाजरी मोजतात. बुद्धी कशात घालून मोजत असतील, याचा विचार मरियाबाई एसटीत नगरपर्यंत करत राहिली. लेकीला तिनं तीन वर्षं पहिलीतच बसवलं होतं. तिला शिकवता शिकवता वाचायला शिकली ती आईच.

मोजणाऱ्या पंकजा मॅडम वयानं एंजेलाएवढ्याच होत्या. त्यांनी एक लाकडी पाट पुढं ठेवला. त्यात चांदणी, गोल, चौकोन असे खड्डे होते आणि ज्याच्या त्याच्या खड्ड्यात ठोकळा बसवायचा होता. एंजेलानं सावकाश सगळे बसवले. एकेक ठोकळा बसला की ती आईच्या तोंडाकडं बघायची, बरोबर आलं का म्हणून. मग मॅडमनी आकडे म्हणून दाखवायला सांगितलं. तीनपर्यंत जमलं, चौथ्याला ती हसायला लागली. संत्रं आणि केळं यांच्यात सारखं काय, असं विचारल्यावर म्हणाली, "दोनी मला आवडतेत."

मरियाबाईला यात काही चूक दिसली नाही. तिनं मॅडमना विचारलं, बुद्धी म्हणजे नेमकं काय धरता तुम्ही? मॅडम म्हणाल्या, त्यावर शिकलेल्यांचंही एकमत नाही. नवीन अडचण आली की वाट काढणं, दोन गोष्टींचा मेळ घालणं, असं बरंच काही त्यात येतं. पुष्कळ माणसांना हेच प्रश्न विचारून मधल्या माणसाला शंभर धरलंय. सत्तरच्या खाली गेलं आणि रोजचं जगणंही एकटीनं जमत नसलं, तरच कागद मिळतो. त्या रोजच्या जगण्याचं आईला विचारायचं.

आणि मॅडमनी विचारायला सुरुवात केली. स्वयंपाक करते का? एकटी बाजारात जाते का? ते प्रश्न कानावर पडले आणि मरियाबाईची पाठ आपोआप ताठ झाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. येतं. जाते. समदं करती. इतकंच काय, पाव्हण्यांचं बी बघती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मी स्थळ घेऊन आलेले नाही."

मॅडम रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, पाटावरचं आणि तुमचं जुळत नाही. तुमच्या शब्दावर गेले तर हिला कुणाचीच गरज नाही. महिन्यानं या, आणि खरं तेवढं सांगा.

शेजारच्या आक्काबाईनं टोमणा मारला तो मारलाच. "खपवायची हुती तवा वाढवून सांगितलंस. आता आत घालायची तर घटवून सांग. त्यांस्नी शंभर सवाल इचारू दे, तुझं उत्तर न्हाईच."

महिन्यानं मॅडम म्हणाल्या, एंजेलाला बाहेर बसवू. पण दार लागताच ती रडायला लागली, लहानपणापासून तिला बंद दार सोसत नसे. मग ती आईचा पदर धरून स्टुलावर बसली.

स्वयंपाक? न्हाई. बाजार? न्हाई. सुट्टे पैसे? न्हाई. सगळं खरंच होतं, तरी प्रत्येक उत्तर मरियाबाईनं जमिनीकडं बघत दिलं. एंजेलाला आधी ती गंमत वाटली. "येतं की गं आये," ती हसत म्हणाली. मग हळू म्हणाली. मग बोलायचीच थांबली.

"वेणी घालता येते का?"

वेणी येत होती. सात वर्षं लागली होती त्याला. बाजेच्या पायाला सुतळीचे तीन पेड बांधून मरियाबाईनं रोज शिकवलं होतं, आणि एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी एंजेलाला ते जमलं होतं. तेव्हापासून आपली वेणी ती स्वतःच घालायची. रविवारी देवळात जाण्याआधी आईचीही घालायची.

पण दोन महिन्यांतले पाचच दिवस उरले होते. एका वेणीपायी कागद अडला तर?

"न्हाई," मरियाबाई म्हणाली.

मॅडमनी एंजेलाच्या खांद्यावरच्या घट्ट वेणीकडं पाहिलं. "मग ही कुणी घातली?"

"म्या."

एंजेलानं वेणीचं टोक मुठीत धरलं आणि तिसगाव येईपर्यंत सोडलं नाही.

कागद मिळाला. मरियाबाईनं एसटीत तो बोट ठेवून वाचला. अठ्ठावन्न. सिस्टरांचा फोन आला, सोमवारी घेऊन या.

सोमवारी पहाटे मरियाबाईनं पिशवी भरली. चहा उकळेपर्यंत रोज एंजेलाची वेणी होऊन जायची. आज ती केस मोकळे सोडून, फणी हातात घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"घाल की गं, एंजा. गाडी जाईल."

"मला न्हाई येत," एंजेला म्हणाली.

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. पाठ केलेला धडा म्हणावा तसं ती म्हणाली. आणि मग बरोबर आलं का, हे बघायला तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं.