दहा अंश कमी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चौथा कोपरा मोजून झाला आणि बेरीज तीनशे पन्नास आली.

मोजणारीने कोनमापकाची दोन्ही पाती मिटली, पुन्हा उघडली आणि पहिल्या कोपऱ्यापासून परत सुरुवात केली. खिडकीच्या भिंतीचे दोन कोपरे, एक्याण्णव आणि एकोणनव्वद. समोरच्या भिंतीचे दोन, शहाऐंशी आणि चौऱ्याऐंशी. आकडे तेच राहिले. चार कोपऱ्यांच्या खोलीत बेरीज तीनशे साठ यायला हवी. जुन्या घरात एखादा अंश इकडेतिकडे होतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. दहा अंश मात्र कुठे पडून राहत नाहीत.

दुकानात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. दुकान मामांचं होतं. घरोघरी जमिनीवर विनाइलची शीट घालून देण्याचं काम. शीट एकसंध असते. मोजमापं कारखान्यात जातात, तिथलं यंत्र त्याबरहुकूम शीट कापतं आणि मग गुंडाळी करून ती घरी येते. एकदा कापली की कापली. मागच्या महिन्यात एका दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत शीट एका कोपऱ्यात दोन बोटं कमी पडली होती. मामा ओरडले नाहीत. पुढच्या वेळी असं झालं तर तू आपली आत बस आणि गिऱ्हाइकांना रंगांचे नमुने दाखव, एवढंच ते म्हणाले, आणि मामा दोनदा बोलत नसत. ती नमुन्यांची खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवलेली होती. फूटपट्टीला परक्या खोल्यांमध्ये शिरायला आवडायचं.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. त्यांना सगळे बाईच म्हणत, त्यांचा नवराही कधीकधी. बाईंनी उभी हयात भूमिती शिकवली होती. त्या दारात उभ्या राहून मोजणी बघत होत्या, आणि दुसऱ्यांदा बेरीज होताना त्यांचे ओठ हलले.

"किती?"

फूटपट्टीने सांगितलं.

खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, काकांनी, पेपर खाली घेतला. काका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे. हातात आलेलं लाकूड अजूनही उलटसुलट करून बघितल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. ते म्हणाले, घर जुनं आहे, झिजलं असेल.

"कोन झिजत नाहीत," बाई म्हणाल्या.

मग यंत्र बिघडलं असेल, असं काकांनी सुचवलं. बाई आत गेल्या आणि फळ्यावर वापरायचं मोठं लाकडी कोनमापक घेऊन आल्या. त्याची एक कड विद्यार्थ्यांच्या बोटांनी गुळगुळीत झाली होती. गुडघ्यांची कुरकुर ऐकत त्यांनी चारही कोपऱ्यांत ते लावून पाहिलं. त्यांची बेरीज तीनशे एकावन्न आली. एक अंश म्हातारपणाचा, असं म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

इथून पुढे मोजणी बाईंच्या हातात गेली. त्यांनी भिंतीला हात लावून खोलीला एक फेरी घातली आणि प्रत्येक कोपऱ्यात आपण किती वळलो ते मोठ्याने म्हटलं. एकोणनव्वद, एक्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव. हे बाह्यकोन. फिरून जागेवर आलेला माणूस एकूण तीनशे साठ अंशच वळतो, मग खोली कितीही कोपऱ्यांची असो. त्यांची वळणं तीनशे सत्तर झाली होती. त्या खोलीच्या मधोमध थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते काकांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं, कारण ते पेपर विसरून बघत राहिले.

"म्हणजे वाटेत कुठेतरी मी दहा अंश उलटी वळले," बाई म्हणाल्या. "आणि मला कळलं नाही."

हात न लागलेली भिंत एवढीच होती, कपाटामागची. कपाट छतापर्यंत उंच, भिंतीच्या दोन्ही टोकांना हातभर जागा सोडून बाकी सगळं व्यापलेलं, आणि पुस्तकांनी गच्च भरलेलं. ते काकांनीच केलं होतं. बाजूच्या फळ्या भिंतीला इतक्या बेताने भिडवल्या होत्या की मागे काडीही सरकली नसती. शीट त्याच्याखालूनही जायची होती, पण ते हलवायला माणसं लागणार होती आणि ती शीटबरोबर, बसवायच्या दिवशी यायची होती.

बाईंनी मधलं दार उघडून आत हात घातला, मग कडेचं. मधल्या खणात पुस्तकांच्या दोन ओळी कधी मावल्या नाहीत, कडेच्या खणांत मावतात, असं त्या सहज म्हणाल्या. याचा विचार त्यांनी आजवर कपाटाची ढब म्हणून सोडून दिला होता.

काका उठले आणि चहा टाकतो म्हणाले. घरात चहा बाई करत असत.

फूटपट्टीने कागदावर खोली काढली. खोली चौकोनी नव्हतीच, पाच कोपऱ्यांची होती. पाच कोपऱ्यांची बेरीज पाचशे चाळीस, त्यातून साडेतीनशे गेले की पाचवा एकशे नव्वद. भिंत मध्येच खोलीच्या आत आली होती. वळण एकच असेल तर दोन टोकांकडून रेघा वाढवून त्याची जागाही काढता येत होती, साधारण मध्यावर, वीतभर आत. पण एकच असेल तर. कोन फक्त गोळाबेरीज सांगत होते. कपाटामागे भिंत तीनदा जाऊन तीनदा परत आली असती तरी शेवटी हिशेब दहाच आला असता, आणि शीट दातांच्या डॉक्टरांकडल्यासारखी बसली असती. तिने पेन्सिलीचं मागचं टोक चावलं आणि विचारलं, या भिंतीच्या पलीकडे कोण राहतं?

बाईंनी लाकडी कोनमापक पदराने पुसलं. "माझी जाऊ."

त्याच मजल्यावर, जिन्याशी, शेजारी दार होतं. पूर्वी ही एकच मोठी खोली होती, मध्ये भिंत घालून दोघा भावांची दोन घरं झाली. हे बाईंनी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. बरोबर येता का, असं फूटपट्टीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की तिकडची बेल आपण बरीच वर्षं वाजवलेली नाही, आणि एका भिंतीसाठी वाजवण्याचं काही कारण दिसत नाही. तिने जावं. आकडा मात्र आणून द्यावा.

शेजारचं दार उघडलं ते गळ्यात टेप अडकवलेल्या एका बाईने, आणि आधी तिने फूटपट्टीच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. मग बाजूला सरून तिला आत घेतलं. या खोलीतली ती भिंत उघडी होती. बघण्यासारखं काही लपलेलंच नव्हतं: भिंत दोन्ही टोकांकडून निघून मध्यापाशी एकदाच, नीट, पलीकडे झुकली होती. त्या खोलगटात कापड बेतायचं लांबरुंद टेबल जाऊन बसलं होतं. टेबलावर खडूने आखलेल्या सहा बाह्या पडल्या होत्या. टेबलाच्या अलीकडून एक माणूस अंग न चोरता जाऊ शकेल एवढी वाट होती, त्याहून बोटभर जास्त नाही.

वळणापाशी एकशे सत्तर आले. चार कोपरे मिळून तीनशे सत्तर. फूटपट्टीने सुटकेचा श्वास टाकला. वळण एकच होतं आणि तिने काढलेल्या जागीच होतं.

"जमीन नवी करताय होय," धाकटी जाऊ म्हणाली. "म्हणजे कपाट हलणार."

मग तिने सुईत दोरा ओवता ओवता थोडं सांगितलं. नवरा निघून गेला त्या वर्षी तिने घरी शिवण घ्यायचं ठरवलं. टेबल आलं आणि खोलीत फिरायलाच जागा उरली नाही. भिंत वीतभर सरकवता येईल का, असं तिने मोठ्या जाऊबाईंना विचारलं होतं. भिंतीची रेघ जाऊबाईंनीच दोरी ताणून खडूने आखली होती, दोन्हीकडे सारखी. त्या म्हणाल्या, रेघ आखून झाली. त्यावर दोघींचं जे बोलणं झालं ते शेवटचं. पुढे बाई शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी दोन महिने दुसऱ्या गावी गेल्या. भिंत लाकडी चौकटीची, फळ्यांवर गिलावा केलेली. भावोजींनी ती उतरवली आणि परत घातली. दोन्ही टोकं तिथल्या तिथे ठेवली, फक्त मधून ढकलली; टोक हललं असतं तर बाईंनी दारातूनच ओळखलं असतं, असं ते म्हणाले होते. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या पुस्तकांसाठी नवंकोरं कपाट तयार होतं.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला. "सांगायचं तर भावोजी सांगतील. इतकी वर्षं सांगतच आहेत."

फूटपट्टी परत आली तेव्हा बाई जिथे सोडल्या होत्या तिथेच होत्या. काकांनी चहा आणून ठेवला होता आणि ते एक कोरडी बशी पुसत होते. तिला आता कुणाला काही सांगायची गरज नव्हती. पाचही कोपऱ्यांचे आकडे तिच्या कागदावर होते, ते कारखान्यात गेले की शीट बसणार होती. तिकडे पसारा फार आहे, नीट मोजता आलं नाही, असंही म्हणता आलं असतं. पण मोजता आलं नाही हे वाक्य मामांच्या कानावर गेलं तर त्याचा अर्थ काय होईल, तेही तिला माहीत होतं.

"तिकडे किती?"

"तीनशे सत्तर."

बाईंनी मान हलवली. "साडेतीनशे आणि तीनशे सत्तर. सातशे वीस. दोन चौकोनांचे असतात तेवढेच." त्यांनी लाकडी कोनमापक खाली ठेवलं. "हरवलं काही नाही. इथलं तिथे आहे."

काकांची बशी पुसून झाली होती. ते ती पुसत राहिले.

"अहो," बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "भिंत तुम्ही सरळ घातली होती ना?"

"सरळच घातली होती. तू आखलेल्या रेघेवर."

हे खरं होतं. बाई कपाटाच्या वरच्या पट्टीकडे बघत होत्या, तिथे काकांनी पटाशीने बारीक नक्षी काढली होती. मग त्यांनी फूटपट्टीला चहा निवतोय म्हणून सांगितलं आणि शीटच्या रंगाबद्दल विचारलं. बोलणं त्यानंतर रंगाबद्दलच झालं.

तीन दिवसांनी शीट आली, आणि कपाट उचलायला चार माणसं. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि कपाट हलवायचं नाही असं सांगितलं. कामगारांमधला थोरला म्हणाला की मग खालची जमीन तशीच जुनी राहील. राहू दे, बाई म्हणाल्या. तो म्हणाला, शीट कपाटाभोवती हाताने कापावी लागेल, एवढं यंत्रावर मापात कापून आणलेलं वाया जाईल. बाई म्हणाल्या की वाया काही जात नाही, कापलेला तुकडा मला द्या. काका त्या वेळी बाहेर गेले होते, की त्यांना बाहेर पाठवलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

शीट चारही कोपऱ्यांत चपखल बसली. भिंतीच्या दोन टोकांना कपाटाच्या कडेने जेवढी कड दिसत होती, तीही भिंतीला चिकटून गेली. पाचवा कोपरा मात्र कापलेल्या तुकड्यावर होता. बाईंनी तो तुकडा टेबलावर पसरला, वाकड्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, वळणापाशी थांबवलं आणि गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी मामांनी विचारलं, बसली का. फूटपट्टी म्हणाली, जेवढी घातली तेवढी बसली. मामांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि कपाळ खाजवलं. माप बरोबर होतं की नव्हतं, हे सांगायला जागाच उरली नव्हती. त्यांनी तिला बाहेर पाठवलं नाही आणि आतही बसवलं नाही. आठवडाभर ती गोदामात गुंडाळ्यांना चिठ्ठ्या लावत होती आणि येताजाता त्या दाराकडे पाठ केलेल्या खुर्चीला वळसा घालत होती.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानात बाईंचा फोन आला. मामांना वाटलं, तक्रार आहे. बाईंना शेजारच्या खोलीत शीट घालायची होती. लांबी-रुंदी त्यांनी स्वतःच सांगितली. कोपरे पाच आहेत, चार नव्हेत, हे दोनदा सांगितलं आणि तीच मुलगी पाठवा म्हणाल्या. मोजायच्या वेळी तिथे कोण असेल, असं मामांनी विचारलं.

"आम्ही दोघी."

फूटपट्टी शुक्रवारी जाऊन आली. दार धाकटीने उघडलं. बाई बेतायच्या टेबलाच्या टोकाशी, त्याच भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि एका बाहीला काज करत होत्या. टाके लांब पडत होते आणि धाकटी ते उसवत होती. दोघी बोलत नव्हत्या. बाईंनी टेपचं एक टोक धरलं. पाचव्या कोपऱ्यापाशी पुन्हा एकशे सत्तर आले. तिथे कपाट नाही. भिंत उघडी आहे आणि कड चुकली तर पहिल्याच नजरेत दिसेल. आकडे काल कारखान्यात गेले. मामा या वेळी स्वतः बघायला येणार आहेत.

शीट परवा बसवायची आहे. टेबल हलवायला दोन माणसं सांगितली आहेत. काका म्हणाले, तिसरा मी आहे. शेजारच्या कपाटाबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.