तक्रारीचा रकाना

“हा रकाना कोरा नाई ठेवता येत, बाई,” मधुकरराव म्हणाले आणि त्यांनी भेटवही प्रमिलाबाईंच्या पुढ्यात आणखी थोडी सरकवली. “कोरा ठेवला का वरून विचारणा येते. कोणी काय सांगतलं, मंग लिहिलं काऊन नाई. मंग हे लोक नावं शोधत बसतात. एक तं तक्रार लिहा, नाई तं नाई म्हणून लिहा.”

मधुकरराव त्या जेलचे हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता. प्रमिलाबाईंना ते खुर्ची पुसून द्यायचे, चहासोबत बिस्किटं मागवायचे. पलीकडच्या टेबलाशी अधीक्षक फोनवर बोलत होते. बोलणं फोनमध्ये, पण लक्ष सगळं या टेबलावर.

वहीत चार रकाने होते. स्वच्छता, अन्न, औषधोपचार आणि बंद्यांच्या तक्रारी. पहिले तीन बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात भरले होते. चौथ्यावर पेन अडलं होतं.

गोष्ट चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमधली. प्रमिलाबाई तेव्हा साठीच्या. माहेर तळेगावचं, सासर वर्ध्याचं. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नवऱ्यासोबत पिपरी मेघेला दोन खोल्यांचं घर बांधून राहिल्या. यादीत एक बाईमाणूस पाहिजे म्हणून सरकारने त्यांना जेलच्या अशासकीय अभ्यागत नेमलं होतं. म्हणजे महिन्यातून एकदा बसने सेलूच्या रस्त्याने जायचं, जेलमध्ये फिरून यायचं, बंद्यांना विचारायचं आणि वहीत लिहायचं. सरकारवर बाहेरच्या माणसाची नजर असावी, असा त्यामागचा हेतू. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी शेजारच्या पाच घरी पेढे वाटले होते.

भेटीची तारीख जेलला आठवडाभर आधी कळवावी लागे. त्यामुळे त्या पोचत तेव्हा भिंतीचा चुना ओला असे, वरणात डाळ असे आणि बंदी अंघोळ करून ओळीत बसलेले असत. “काही तक्रार?” असं विचारलं की सगळे एका सुरात “नाई!” म्हणत. एकतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला हा सूर चांगला कळत होता. पण वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसता येतं, इथे येत नव्हतं.

त्या दिवशी मात्र त्या हट्टाने शेवटच्या कोठड्यांपर्यंत गेल्या. जूनमध्ये दोघा बंद्यांनी भिंत चढायचा प्रयत्न केला होता. त्यानंतर वरून सुरक्षेचा आदेश आला, आणि टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली असलेल्या सगळ्यांना वेगळ्या कोठडीत टाकलं गेलं. भिंत चढणाऱ्यांत टाडाचा एकही नव्हता. तरी दिवसातून एक तास बाहेर, घरच्यांची भेट बंद आणि पायांत बेड्या. दोन बेड्यांच्या मध्ये लोखंडी दांडा.

शेवटच्या कोठडीत प्रेमदास होता. सेलूजवळच्या एका खेड्याचा, वय तीसच्या आसपास. उन्हाळ्यात गडचिरोलीकडे तेंदूपानाच्या फडीवर, पानं खरेदी होतात तिथे, पुडके मोजायचं काम करायचा. जंगलातल्या बंदूकवाल्यांनी एकदा तांदूळ मागितला, त्याने दिला. बंदुकीला नाही म्हणायची रीत त्याला कोणी शिकवली नव्हती. अकरा महिने झाले होते आणि अजून जामीन नव्हता.

बाईंसोबतचा शिपाई तंबाखू मळायला चार पावलं मागे राहिला, तेवढ्यात प्रेमदास गजाशी आला.

“बाई, पाय सडून राह्यला,” तो हळूच म्हणाला. त्याने पायजमा वर केला. घोट्यावर बेडीखाली चिंधी होती आणि चिंधीखालून वास येत होता. “डाक्टर बेडी काढल्याशिवाय पाहत नाई. अन् हे हुकूम नाई म्हणून काढत नाईत.”

“मी आत्ता लिहिते वहीत. तुमचं नाव काय?”

“नाई, नाई!” त्याने गज धरला. “वहीत लिवू नोका, हात जोडतो. मागल्या खेपेले त्या पलीकडच्यानं एका साहेबाले सांगतलं. साहेब गेटाबाहेर पडला नाई तं याले धरलं. चार दिवस उठला नाई तो. तुमी कमिटीले तोंडानं सांगजा. येऊन राह्यली ना कमिटी? मोठे लोक हायेत म्हणते. ते आईकतीन.”

टाडा चुकीच्या माणसांना लावला गेलाय का, ते पाहायला सरकारने एक समिती नेमली होती. दोन आठवड्यांनी ती वर्ध्याला येणार होती, हे खरं होतं. शिपाई जवळ आला. प्रेमदास मोठ्याने म्हणाला, “नाई बाई, काही तकरार नाई.”

आणि आता पेन अडलं होतं.

“लिहा ना, बाई,” मधुकरराव म्हणाले, “मले जेवायले जायचं हाय. तुमचं अक्षर इतकं सुंदर, अन् आज हात काऊन चालत नाई?”

प्रमिलाबाईंनी लिहिलं: ‘तक्रार नाही.’ खाली सही केली, तारीख घातली. परीक्षेत शेजारणीचं पाहून लिहिणाऱ्या मुलीला त्यांनी कधी सोडलं नव्हतं. पण हे खोटं त्या माणसाच्याच भल्यासाठी आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि ते तेव्हा पटलंही.

गेटाबाहेर लिंबाखाली एक बाई बसली होती. प्रमिलाबाई दिसताच उठली. “मले धुरपता म्हणते. प्रेमदासची घरवाली. तीन खेपा झाल्या, भेटू नाई देत. तुमी आतून आल्या ना? दिसले काय ते? सुटून आलेल्या एकानं सांगतलं पायाचं. कसा हाय पाय?”

“दुखतोय. पण मी समितीपुढे बोलणार आहे. मी शब्द देते तुला.”

“तुमाले आईकतीन ते?”

“का नाही ऐकणार? सरकारनेच नेमलंय मला.”

धुरपताने पदराचं टोक तोंडाशी नेलं. आपला शब्द एवढ्या विश्वासाने कोणी घेतल्याचं प्रमिलाबाईंना शाळा सुटल्यापासून आठवत नव्हतं.

घरी वासुदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. जिनिंगमध्ये उभी हयात कारकुनी केलेला माणूस. बायकोला ‘जेलरीणबाई’ म्हणून चिडवायचा. आज मात्र चिडवलं नाही.

“लिहून काऊन दिलं तू?”

“रकाना कोरा ठेवता येत नव्हता. नाव शोधून मारलं असतं त्याला.”

“अवो, तोंडाचं बोलणं पंख्याच्या हवेत उडून जाते. कागद तेवढा राह्यते. वेगळं पत्र लिही कमिटीले, आजच्या आज.”

“पत्रही जेलमार्फतच जातं. तसा नियमच आहे.”

“मंग कठीण हाय, जेलरीणबाई,” ते म्हणाले आणि पेपर उचलला. त्या दिवशी त्यांनी पेपरचं पान उलटलंच नाही.

समिती विश्रामगृहात बसली. प्रमिलाबाई साडेनऊला जाऊन व्हरांड्यात थांबल्या. बोलावणं आलं सव्वातीनला. आत तीन जण होते. मधले अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, अतिशय सभ्य. बाजूच्या खुर्चीवर जेलचे अधीक्षक मांडीवर फायली घेऊन बसलेले. त्यांना बाहेर जायला कोणी सांगितलं नाही. अध्यक्षांनी स्वतः बाईंना पाणी दिलं.

“बोला, मॅडम.”

बाईंनी घरी आठ वेळा म्हणून पाहिलं होतं. बेड्या, दांडा, घोट्याची जखम, डॉक्टरचं न पाहणं, सगळं क्रमाने सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवत ऐकलं. मग अधीक्षकांकडे हात केला. अधीक्षकांनी एक झेरॉक्स पुढे केली.

“हे अक्षर आपलंच ना?”

“हो.”

“तेरा दिवसांपूर्वी आपण लिहिलंय, तक्रार नाही. आज म्हणताय, आहे. यातलं खरं कोणतं धरायचं आम्ही?”

“आज सांगते ते. त्यानेच मला लिहू नका म्हटलं होतं. त्याला भीती होती.”

“कोणाला?”

प्रमिलाबाईंनी अधीक्षकांकडे पाहिलं. अधीक्षकांनी पेनचं टोपण काढलं होतं.

नाव सांगितलं नाही तर सगळं बोलणं वाऱ्यावर जाणार होतं. सांगितलं तर ते नाव अधीक्षकांच्या त्या पेनासोबत जेलमध्ये परत जाणार होतं. वीस मुलींच्या भांडणात खरं बोलणारी कोण ते एका नजरेत ओळखणाऱ्या बाईंना त्या खोलीत काही ओळखू येईना.

“प्रेमदास,” त्या म्हणाल्या. “शेवटची कोठडी.”

“नोंद घेतो,” अध्यक्ष म्हणाले. “थँक यू, मॅडम. आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून ही व्यवस्था चालते.”

चौथ्या दिवशी प्रेमदासला सुरक्षेच्या कारणावरून दूरच्या मोठ्या जेलमध्ये हलवलं. हे बाईंना पुढच्या भेटीत कळलं. कोठडी रिकामी होती, चुना ओला होता. त्यांनी समितीला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकाचंही आलं नाही. जानेवारीत अभ्यागतांची नवी यादी निघाली, तीत त्यांचं नाव नव्हतं. मे महिन्यात वासुदेवरावांनी पेपर वाचून सांगितलं की टाडाची मुदत संपली, सरकारने वाढवली नाही. “कायदा मेला,” ते म्हणाले. “पण आतले आतच राह्यतीन म्हणते.”

पुढे वासुदेवरावांचं दुखणं निघालं. सेवाग्रामच्या दवाखान्याच्या खेपा, मग ते गेले. खरं सांगायचं तर प्रमिलाबाईंनी प्रेमदासचा शोध सोडून दिला होता. बोललो आपण, नावासकट बोललो, याच्यावर त्या दहा वर्षं टेकून होत्या.

दोन हजार चारच्या दिवाळीआधी वर्ध्याच्या बाजारात मधुकरराव भेटले. निवृत्त झालेले, हातात गिलक्यांची पिशवी.

“बाई! तुमच्या त्या पानाच्या झेरॉक्स काढू काढू मी थकलो ना,” ते हसत म्हणाले.

“कोणत्या पानाच्या?”

“तुमाले नाई माहीत? अवो, त्या प्रेमदासचा पाय कापला ना, चौऱ्याण्णवच्याच डिसेंबरात. दोन हजारात निर्दोष सुटला, अन् मंग पायाच्या चौकशीचा अर्ज केला त्यानं. चौकशीत जेलनं तुमचंच पान लावलं. अशासकीय अभ्यागतानं तपासलं, तक्रार नव्हती. झालं, संपली चौकशी.” बाईंचा चेहरा पाहून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तुमचा काय दोष, बाई? तुमी तं चांगल्यासाठीच लिहिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या सेलूला गेल्या आणि तिथून ऑटोने त्या खेड्यात.

प्रेमदास ओसरीवर बसून केरसुण्या बांधत होता. केस पिकले होते. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्याने त्यांना लगेच ओळखलं.

“या बाई. धुरपते, पाह्य कोण आलं!”

धुरपता दारात आली. पाहिलं. पाण्याचा लोटा आणून बाईंच्या पुढे ठेवला आणि चौकटीला टेकून उभी राहिली. चहाचं कोणी विचारलं नाही.

“मला कालच कळलं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “तुम्ही मला का नाही बोलावलं? मी येऊन सांगितलं असतं, ते खोटं लिहिलं होतं म्हणून.”

“वकील म्हणे बोलवू बाईले,” प्रेमदास म्हणाला. “मीच नाई म्हटलं. माह्याच सांगण्यावरून लिवलं तुमी. तुमाले तिथं उभं करून सगळ्याईच्या समोर खोटी म्हणायचं? शाळेतल्या बाई तुमी. पाय तं काही उगोन येणार नव्हता.”

“मी म्हणत होतो बोलवा,” धुरपता दारातून म्हणाली. “आजबी म्हणतो. यायनं आईकलं नाई. इज्जत तुमची राह्यली, बाई. आमाले काय राह्यलं ते पाहूनच राह्यल्या तुमी.”

“धुरपते!”

“बोलू द्या तिला,” प्रमिलाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मी आजही लिहून देते. सही करते.”

“आता कोणाले देता, बाई?” प्रेमदासने विचारलं. त्याच्या आवाजात टोचणं नव्हतं. खरंच विचारत होता. “फाईल बंद होऊन दोन वर्सं झाले. ज्यायले द्याचं ते साहेबबी रिटायर झाले.”

प्रमिलाबाई लोट्यातलं पाणी प्यायल्या, सगळं. ते संपल्यावर तिथे बसायला काही कारण उरलं नाही. त्या उठल्या.

तसा प्रेमदासही उठू लागला. भिंतीचा आधार घेत, काखेतली काठी सावरत.

“बसा हो, बसा तुम्ही.”

“बाई निघाल्या अन् मी बसून राहू काय?”

तो उभा राहिला. प्रमिलाबाई अंगणातून रस्त्याला लागल्या. वळून पाहिलं तर तो तसाच उभा होता, खांबाला एक हात लावून. रस्ता सरळ होता, गावाच्या टोकापर्यंत दिसत होता, आणि बाई नजरेआड होईपर्यंत तो काही बसणार नव्हता. प्रमिलाबाईंचे गुडघे सत्तरीचे होते. त्यांनी साडीच्या निऱ्या एका हाताने उचलल्या आणि त्या पावलं भरभर उचलू लागल्या, त्याला बसता यावं म्हणून.