राजीखुशीचं दूध

"अजून दम धर," सासू म्हणाली. "शेट येईस्तवर पोरीला जवळ घ्यू नको."

भागूने पदर छातीवर ओढून घेतला. पहाटेपासून तिने मुलीला अंगावर घेतलं नव्हतं. चोळीवर दोन ओले डाग पसरले होते, आणि मागच्या पडवीत झोळीतली चार महिन्यांची आनंदी गुळाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी चोखत होती, थुंकत होती, पुन्हा रडत होती. रडण्याचा आवाज आता बसत चालला होता. भागूचं सगळं ध्यान त्या आवाजाकडे होतं. आवाज थांबला की ती पडवीकडे मान वळवी, आणि सुरू झाला की चोळी आणखी भिजे.

गेले आठ दिवस तिच्या ताटात तूप येत होतं. अळिवाची खीर, बाळंतशोपा, ओल्या नारळाचा कीस. बाळंतपणात याच सासूने तिला तुपाचा वासही दिला नव्हता. बाजाराला न्यायच्या म्हशीला आठ दिवस आधीपासून सरकी घालतात हे भागूने माहेरी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी तिला खीर गोड लागली. दुसऱ्या दिवशी कळलं ती कशासाठी आहे, आणि तेव्हापासून प्रत्येक घास ती पाण्याबरोबर गिळत होती.

दीड वर्षापूर्वीपर्यंत या घरात तुपाची अपूर्वाई नव्हती. तेव्हा मुंबईची गाडी खोपोलीला येऊन थांबे. पुढे घाट चढायचा तर उतारूंना डोली, तट्टू नाहीतर बैलांची दमणी घ्यावी लागे, आणि भागूच्या नवऱ्याची, मालोजीची दमणी त्यांतली सगळ्यांत देखणी होती. मग घाटातून रूळ गेले. पुण्याला जाणारा माणूस कर्जतवरून बसल्या जागी घाट चढू लागला. खोपोलीच्या नाक्यावर उतारूंऐवजी कुत्री बसू लागली. तरी मालोजी रोज बैलांना घुंगुरमाळा घालून नाक्यावर जाई, दुपारपर्यंत विड्या ओढी आणि परत येई. भुसाऱ्याकडून बैलांची पेंड नि घरातलं धान्य उधार, चाकांच्या लोखंडी धावा बसवल्या त्या लोहाराचे बाकी, बारशाच्या कापडाचे बाकी. आणि या सगळ्यांच्या वर हेमचंद्र शेटचं कर्ज, ज्यातून ही दमणी नि बैल आले होते.

चार ठिकाणचे तगादे सुरू झाले तेव्हा भागूने नवऱ्याला दोनदा सांगून पाहिलं होतं. बैल नि दमणी विकू. चौघांना एकाच दिवशी ओटीवर बोलावू आणि ज्याचं जेवढं त्या मानाने वाटून देऊ. राहील त्याची हप्तेबंदी करून घेऊ. पळसदरीला रुळाखाली खडी टाकायचं काम निघालंय, दोघं जाऊ.

"खडी?" मालोजी म्हणाला होता. "भागू, घाटातनं सायेब बसवून नेलेत मी. मी पाटी उचलू?"

"मंग काय करनार तुमी?"

करायचं काय ते शेटने सुचवलं. त्यांची सून बाळंतपणानंतर तापाने गेली होती. नातू दीड महिन्याचा, शेळीचं दूध त्याला पचेना. भागूने त्यांच्याकडे राहून नातवाला पाजावं. शेट बाकी तिघांचं देणं स्वतः भागवणार, सगळ्याचा मिळून एकच कागद करणार, ती पाजते तोवर व्याज माफ आणि हप्ता निम्मा. अट एकच. तिची मुलगी घरी राहील. दोन लेकरं एका दुधावर धड वाढत नाहीत, असं शेटचं म्हणणं.

"आनंदी काय पिनार?" भागूने विचारलं.

"पेज हाय, शेळी हाय," सासू म्हणाली. "पोरीची जात, मरत नाय लवकर."

आणि मालोजी, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "दुधाचं काय गं. आजचं काढलं की उद्या येतंच ना."

त्या क्षणापासून भागूला त्याच्या ताटात भात वाढताना हात लांब करून वाढावासा वाटे.

शेट आले ते कोंडीबाई सुइणीला घेऊनच. घोंगडीवर बसले, गूळपाणी घेतलं. माणूस वाईट दिसत नव्हता. डोळे जागरणाने लाल होते, आणि मागून रडणं ऐकू आलं तेव्हा त्यांनी चटकन तिकडे मान वळवली. भागूला वाटलं, हा माणूस नुसता येऊन म्हणाला असता, बाई, आमचं बाळ उपाशी आहे, तर एका अंगाला आनंदी नि एका अंगाला ते, असं मी दोघांना घेतलं असतं. पण शेट म्हणाले, "कोंडीबाई, बघून घ्या नीट."

कोंडीबाईने तिला खांबाआड नेलं. चोळीची गाठ सोडली, दाबलं, वास घेतला. अंगठ्याच्या नखावर थेंब धरून उजेडात नेला, मग जिभेला लावला. भागू छपराच्या वाशांकडे बघत राहिली. शेवटी सुइणीने पाण्याने भरलेली पितळी वाटी मागवली आणि तीत चार थेंब पिळले. दूध तळाशी गेलं नाही, तार धरली नाही. पाण्यात सारखं मिसळून गेलं.

"चोख हाय," कोंडीबाई म्हणाली आणि वाटी बाहेर नेली.

शेट अदबीने पाठ करून बसले होते, पण वाटी आल्यावर त्यांनी वाकून नीट पाहिलं. सासूने पाहिलं. मालोजीनेही पाहिलं. भागू गाठ बांधत खांबाशी उभी होती आणि तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. त्यावर अभिमान होता. गिऱ्हाईक बैलाच्या फासळ्या चाचपत असलं की तो असाच चेहरा करून उभा राही.

तिने चोळीची गाठ आणखी एकदा आवळली.

"आठ दिवस खुराक दिलाय, शेट," सासू म्हणाली. "पुढं तुमच्या घरचं तूप मिळालं की दुप्पट व्हईल."

"कागद मी करून आणलाय," शेट म्हणाले. "मालोजी, अंगठा इथे."

"थांबा जरा," कोंडीबाई म्हणाली. "माझं एक ऱ्हायलंय. दर टायमाला इचारते मी." ती भागूकडे वळली. "पोरी, राजीखुशीनं पाजशील ना गं? मन कडू ठेवून पाजलेलं लेकराला बाधतं."

"राजीच हाय ती," सासू म्हणाली.

"तुमी नगा बोलू. तिच्या तोंडनं पायजे."

मालोजी हसला. लग्नात नवरीला नाव घ्यायला लावतात तेव्हा हसतात तसा. सगळे तिच्याकडे बघू लागले. आठ दिवसांत तिला कोणी काही विचारण्याची ही पहिली वेळ होती, आणि तीसुद्धा शेटच्या नातवाचं पोट बिघडू नये म्हणून.

"नाय," भागू म्हणाली.

"काय नाय?"

"राजी नाय. किळस येते मला." आवाज चढला नव्हता. "ह्या वाटीची येते. आन् ह्यांची येते."

तिने बोट दाखवलं नाही, पण मालोजीचं हसू तोंडावर तसंच वाळून गेलं.

शेट रागावले नाहीत. ते घाबरले. विंचू दिसावा तशी त्यांनी वाटी पायाने दूर सारली आणि कागदाची घडी घातली. "मालोजी, हिचं दूध आता फुकट दिलंस तरी नको. आठ दिवसांत माझी रक्कम."

"शेट, बायकांचं बोलनं त्ये," मालोजी त्यांच्यामागे अंगणापर्यंत गेला. "मी सांगतो तिला. पाजंल ती."

भागूने पुढचं ऐकलं नाही. ती मागच्या पडवीत गेली होती. आनंदीने इतक्या घाईने तोंड लावलं की तिला ठसका लागला. खोकली, रडली, पुन्हा धरलं. सासू दारात उभी राहून म्हणत होती, घर बुडवलंस, नाक कापलंस. भागूने तिच्याकडे पाठ केली.

दुसरी वाट उरली नाही तेव्हा मालोजीने बैल विकायला काढले. सहाव्या दिवशी लोधिवलीचा धाकलू आला. गवताच्या गाड्या हाकायचा. बैलांची किंमत त्याने पाडून केली, कारण घाटाखालचे सगळेच बैल तेव्हा विकायला निघाले होते. दमणीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "हिचं काय करू? चाकं तेवढी नेतो." उतारूंच्या बसण्याची पेटी अंगणातच राहिली, आणि दोन दिवसांत तीत कोंबड्या बसू लागल्या.

चौघे ओटीवर आले. भागू दाराआडून सांगत गेली, मालोजी खाली मान घालून वाटत गेला. शेटनी राहिलेल्याचे हप्ते बांधून दिले, व्याजासकट. लोहार कुरकुरत कबूल झाला, भुसाऱ्याने मान डोलावली. कापडवाल्याने बारशाचा न शिवलेला खण परत मागितला, आणि तो उलटसुलट करून डाग आहे का ते पाहिलं.

दिवाळी होऊन गेली तेव्हा दोघं पळसदरीला खोपट करून राहिली होती. भागू पाटी वाही, मालोजी खडी फोडी. वर जाणारी गाडी आली की तो रुळाकडे पाठ करून उभा राही. गेल्या तीन महिन्यांत तो तिच्याशी कामापुरतंच बोलला होता. तिला ते बरं वाटे.

एकदा कोंडीबाई कुठल्याशा बाळंतपणाला जाताना तिथे थांबली. आनंदीच्या मांड्या दाबून बघितल्या, म्हणाली, "गुबगुबीत हाय."

"शेटचा नातू?"

"त्यो पन. कळंबची एक बाई मिळाली. राजी हाय म्हनली पहिल्या झटक्यात."

"तिला पोर व्हतं?"

"दोन महिन्यांचं."

"कसं हाय त्ये?"

कोंडीबाईने डोक्यावरचं गाठोडं नीट केलं. "मी इचारलं नाय," ती म्हणाली आणि वाटेला लागली.

संध्याकाळी मुकादमाने काम थांबवलं. मालोजीने तिची पाटी आपल्या पाटीत ठेवली आणि दोन्ही डोक्यावर घेऊन खोपटाकडे निघाला. समोर सूर्य बुडत होता. मालोजीची सावली मागे लांबवर पसरली होती. भागूने आनंदीला कडेवर घेतलं, आणि त्या सावलीवर पाय पडणार नाही एवढं अंतर राखून ती चालू लागली.