चावीवरची तांब्याची तार

आमच्या नाहूरच्या सोसायटीत कुणाची गाडी चालू होईनाशी झाली की आधी सल्ले चालू होतात. म्हणून त्या रविवारी सकाळी मी कुणाला हाकच मारली नाही. भाऊकाका गिऱ्हाईक घेऊन यायच्या आत गाडी चालू व्हायलाच हवी होती, आणि ती होत नव्हती.

गाडी नितेशची, माझ्या नवऱ्याची. चतुर्थीला आईला गावी नेता यावं म्हणून त्याने सेकंडहँड घेतली, आणि एकदाच नेलं. पुढची चतुर्थी यायच्या आत मुलुंडला एका ट्रकने त्याच्या बाइकला धडक दिली. तेव्हापासून गाडी खाली उभी होती आणि आम्ही दोघी सासू-सुना वर घरात.

भाऊकाका माझे चुलत सासरे, राहायला घाटकोपरला. वाईट माणूस नाही, पण आपल्यावाचून सगळ्यांचं अडतं अशी त्यांची ठाम समजूत. नितेश गेल्यावर त्यांनीच धावपळ करून गाडीचे कागद आईंच्या नावावर केले आणि ती विकायचंही त्यांनीच ठरवलं. मी म्हटलं, गाडी ठेवायची, मी ड्रायव्हिंग शिकलेय, लायसन्स आलंय. ते हसले. म्हणाले, "बरं, रविवारी माझ्यासमोर एकटीने गेटबाहेर काढून दाखव. नायतर गिऱ्हाईक घेऊन जाईल."

मी आईंकडे पाहिलं. सही त्यांचीच लागणार होती. त्या तांदूळ निवडत होत्या. हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. नितेश गेल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मुलगा गेला आणि सून उरली, हे त्यांना सोसत नाही, असा अर्थ मी लावून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी त्या गावी निघून गेल्या. गुरुवारी परतल्या तेव्हाही काही बोलल्या नाहीत. त्याही भाऊकाकांच्या बाजूच्या, म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत बसले.

मला ती गाडी हवी होती. तिच्यात अजून त्याचा गॉगल होता, सीट त्याच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती. दर रविवारी मी खाली जाऊन इंजिन थोडा वेळ चालू ठेवायची. मागच्या रविवारीही ते पहिल्या झटक्यात सुरू झालं होतं.

आज स्टार्टर नुसताच घरघरला. समोरच्या काट्यांमध्ये एक लाल दिवा लुकलुकायला लागला, गाडीचं चित्र आणि त्यात कुलूप. बॅटरी गेली म्हणावी तर हेडलाइट लख्ख. पेट्रोल होतं. रिमोटचं बटण मात्र दाबून दाबून दाबावं लागत होतं, तेव्हा कुठे दार उघडलं होतं. म्हणजे चावीतला सेल संपत आलाय, असं मी ठरवलं आणि कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून नवीन सेल आणला.

चावीवर नितेशने घातलेलं रबरी कव्हर होतं. ते सोलून काढलं तर आत तांब्याची तार. चावीच्या डोक्याभोवती घट्ट वेढे दिलेले, टोकाला पीळ आणि पिळात लाल दोऱ्याची गाठ. मी तिथेच गाडीत बसून राहिले. नितेश देवभोळा होता, अमावास्येला गाडीला लिंबू बांधल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. कधीतरी त्यानेच ही तार गुंडाळली असणार. त्याच्या बोटांचा पीळ माझ्या हातात होता. मला रडू आलं. मग मी वेढे जपून बाजूला सरकवले, सेल बदलला, तार होती तशी परत बसवली आणि वर कव्हर चढवलं.

आता रिमोट झकास चालायला लागला. इंजिन मात्र ढिम्म. लाल दिवा आपला लुकलुकतोय.

शेवटी गाडीचं माहितीपुस्तक काढलं. कंपनीने ते माणसांसाठी लिहिलेलं नाही, पण चित्रं पाहून कळलं. चावीच्या प्लास्टिकमध्ये डाळीच्या दाण्याएवढी एक चिप असते. चावी फिरवली की गाडी आधी त्या चिपची ओळख पटवते. ती पटली नाही, तर चोर समजून इंजिन पेटूच देत नाही. या चिपला सेल लागत नाही. खाली चौकटीत लिहिलं होतं: चावीच्या डोक्याभोवती धातूची कडी, साखळी किंवा तार असू नये, ओळख पटत नाही.

म्हणजे सेलचा काही संबंधच नव्हता. तार काढायची आणि गाडी चालू करायची, एवढंच काम. आणि तेवढंच मला होईना.

तेवढ्यात भाऊकाका आलेच. सोबत नंदकिशोर नावाचं गिऱ्हाईक. आल्या आल्या त्याने टायरला लाथ मारून पाहिली. मला त्यालाच एक द्यावीशी वाटली.

"काय, होत नाय ना चालू?" भाऊकाका म्हणाले.

"होईल. ही तार काढावी लागेल." मी कव्हर काढून चावी दाखवली.

"मग काढ ना! बघत काय बसलीस?"

"नितेशने बांधलीय, काका." मी चावी मुठीत धरली. "मी नाही काढणार."

"नितेशची नाय ती."

आई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणालाच कळलं नव्हतं.

"माझी हा," त्या म्हणाल्या. "गावासून हाडलंय. गुरवाक सांगून देवाकडे तुझ्या नावान गाऱ्हाणा घालून घेतलंय. तू गाडी चलवतलंस तर तुका कायएक होव नये म्हणान."

"गावाहून आणलीत? माझ्या नावाने?"

"मगे कोणाच्या? झील गेलो. आता तूच असस माका."

त्यांच्या गप्पपणाचा अर्थ मी लावला होता, पण तो साफ चुकीचा होता. त्यांनी माझ्या हातातून चावी घेतली. लाल गाठ सोडवली, तार शेवटच्या वेढ्यापर्यंत स्वतःच उलगडली आणि मुठीत धरली. चावी मला परत दिली. मग गाडीला वळसा घालून आल्या आणि दार उघडून माझ्या शेजारी बसल्या. नितेश गेल्यापासून ही बाई रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीत बसली नव्हती. स्टेशनलासुद्धा बॅग उचलून चालत गेली होती.

"वयनी, एकटीन काढूची ठरलेली," भाऊकाका खिडकीशी येऊन म्हणाले.

"एकटी कित्याक? मी असंय."

आमच्या गावात गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, पुरुष घालतात आणि बाकीचे पुरुष त्याला ओ देतात. बाईने घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आईंनी मूठ कपाळाला लावली आणि सरळ समोर बघत खणखणीत सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा! माझो झील तू नेलंस, तेचो जाब मी तुझ्याकडे मागूक नाय. पण आज ही माझी सून रस्त्याक लागता हा. हिच्या वाटेत काय आडवा येत असात ता दूर कर, आणि गेली तशी हिका घराक हाड, रे म्हाराजा!"

ओ मिळाली नाही तर गाऱ्हाणं अधुरं राहतं, हे मला ठाऊक होतं. पण ती द्यायची पुरुषांनी, म्हणून मी खिडकीकडे पाहिलं. आई मूठ तशीच धरून थांबल्या होत्या.

"व्हय म्हाराजा!"

खिडकीबाहेर भाऊकाका हात जोडून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. नंदकिशोर तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

मी सीट पुढे ओढून माझे पाय पोचतील इतकी जवळ घेतली आणि चावी फिरवली. लाल दिवा विझला, इंजिन लागलं. आईंनी मोकळ्या हाताने माझा पदर सीटबेल्टमधून सोडवून नीट केला. भाऊकाका गेटकडे धावले, आणि रस्त्याच्या मध्ये उभे राहून दोन्ही बाजूंच्या रिक्षा थांबवायला लागले.