भाद्रपदात कलकत्त्याला

नाथाजीनं कोळशानं सोप्यातल्या जमिनीवर कलकत्ता काढलं.

"हे हावड्याचं टेसन. हा पूल, खाली गंगा. पूल वलांडला की ट्राम मिळंल. ट्राम म्हंजे रस्त्यावरची आगगाडी. लष्करी दवाखाना इकडं, मैदानाच्या खालच्या अंगाला. काय ध्येनात राहिलं, सांग."

रंगुबाईच्या ध्यानात काहीच राहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं फक्त पोराचा पाय होता.

एकाहत्तर सालचा भाद्रपद. चार दिवसांपूर्वी दादासोचं पत्र आलं होतं. सरहद्दीकडं जाताना पावसात ट्रक उलटला, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, जिवाला धोका नाही, आई, तुला बघावंसं वाटतंय, जमलं तर ये. नाथाजीनं एवढं वाचून दाखवलं, पत्राची घडी केली, पलटणीतनं आणलेल्या ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. रंगुबाई एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे पुसले आणि शेंगदाणे भाजायला घेतले. वाडीतनं ती मिरजेच्या पलीकडं कधी गेली नव्हती. आता दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास.

नाथाजी तयारीत कुठं कमी पडत नव्हता. मोठ्या लढाईच्या वेळी तो पंधरा महिने कलकत्त्यात होता.

"तिथला भाद्रपद आपल्यासारखा न्हाई. सकाळी ऊन असं, की बसल्या जागी अंग निथळतंय. दुपारी पाऊस असा, की गुडघाभर पान्यातनं ट्राम चालती. लुगडी तीन घे, एक बी वाळायचं न्हाई. भाकरीला दुसऱ्या दिशी बुरशी धरती. चटणी घे, फुटाणं घे. पानी उकळल्याबिगर पिऊ नगंस."

सगळं खरं, पण एक गोष्ट रंगुबाईच्या गळ्याखाली उतरत नव्हती. नाथाजी स्वतः येणार नव्हता. सोबत जाणार होता तिचा धाकटा भाऊ ज्ञानू, आणि ज्ञानूनं जन्मात एकदा पुणं पाहिलं होतं.

"आवं, तुमी का येत न्हाई?"

"म्हशीचं दीस भरत आल्यात."

म्हैस पौषात व्यायची होती. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तर म्हणाला, ऊस लोळलाय. तिसऱ्या दिवशी म्हणाला, गुडघा धरलाय. आणि त्याच गुडघ्यावर बसून परत विचारायला लागला, "कल्याणला गाडी कुठली धरायची?"

"हावडा मेल."

"आन पुण्यात उतरल्यावर?"

ती अडखळली. तो ओरडला, "अगं, हितं चुकलीस तर तिथं हरवशील! दहा वेळा सांगितलं!"

रंगुबाईनं हातातलं सूप आपटलं. "माझा जीव पोरात हाय, गाडीत न्हाई! एवढं ठावं हाय तर तुमी चला की!"

नाथाजी उठून पावसात निघून गेला.

शनिवारी त्यानं दवाखान्याचा पत्ता एका कागदावर उतरून दिला. "पत्रच द्या की संगं," ती म्हणाली. "भिजंल," तो म्हणाला आणि नजर चुकवली. तेव्हा तिला आठवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण डोळे होते. पत्र दोन पानं भरून होतं. आणि वाचून झालं होतं चार वाक्यांत.

पोराचं काही दडवलंय का? पायावरच भागलं नाही का? नाथाजी आंघोळीला बसला तशी तिनं खुंटीवरच्या कोपरीच्या खिशातनं किल्ली काढली, पत्र घेतलं, चोळीत खुपसलं आणि छत्री आणायचं निमित्त सांगून आष्ट्याची वाट धरली. तीन दिवस झड लागली होती. मधला ओढा पोटरीएवढा वाहत होता.

आष्ट्याला शालूबाई मास्तरीण राहत होत्या. दादासो त्यांच्या हाताखाली शिकला होता. त्यांनी पत्र आधी मनात वाचलं. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या.

"रंगुबाई, राहू द्या हे."

"माझं पोर जगंल का न्हाई, तेवढं सांगा बाई."

"जगेल. त्याच्या जिवाचं काही नाही."

"मग वाचा."

शालूबाईंनी वाचलं. "आबांना संगं आणू नको. मी मिरजेला तंबोऱ्याचं काम शिकत होतो, हात बसत आला होता. भोपळं कोरून पोट भरतं व्हय म्हणून त्यांनी मला दंडाला धरून भरतीला नेलं. ते आले तर मी त्यांच्याशी बोलणार नाही. त्यांचं तोंड बघायची माझी तयारी नाही."

रंगुबाईनं पत्र परत चोळीत ठेवलं. छत्री घ्यायची राहिलीच.

परतताना ओढा गुडघ्याच्या वर चढला होता. पलीकडच्या काठावर नाथाजी उभा होता, डोक्यावर पोतं घेऊन. ट्रंक उघडी बघून तो आला होता, हे तिला लांबूनच कळलं. तो पाण्यात उतरला, मध्यापर्यंत आला आणि तिचा हात धरला. गढूळ पाणी दोघांना ओढत होतं. त्यानं तिला काठावर ओढून घेतलं.

"वाचून घेतलंस?"

"व्हय."

"मग आता इचारू नगंस, का येत न्हाई म्हणून." त्याच्या तोंडावरनं पाणी ओघळत होतं. "वाचता वाचता गिळलं ते. तुला सांगायचं माझं तोंड झालं न्हाई. मला वाटलं हुतं, पलटणीत मानूस हुईल. आन पोरगं अर्धं करून ठेवलं."

वाटभर रंगुबाईनं त्याला पुष्कळ शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. पण भरतीच्या दिवसाची सकाळ तिला आठवली. दादासो तिच्याकडं बघत उभा होता, आणि तिनं काय केलं होतं? त्याच्या हातावर दही घातलं होतं. तीही आडवी आली नव्हती.

"तुमी चला," ती म्हणाली.

"तो न्हाई म्हणतोय."

"म्हनू द्या. त्यानं बोलावलं तर आत या, न्हाई तर भाईर बसा. पर चला."

"आन हाकललं तर?"

"तर हाकलून घ्या."

सोमवारी ओढा पार दुथडी भरला. खालची वाट बंद झाली. ज्ञानूच्या डोक्यावर बोचकं देऊन तिघं वरच्या बांधानं चिखल तुडवत आष्ट्याला पोचली. पुण्याच्या एस.टी.त दोघंच चढली. ज्ञानूनं खिडकीतनं बोचकं आत दिलं आणि तो माघारी वळला. सातारा गेलं. शिरवळच्या अलीकडं रस्त्यावर पाणी आलं म्हणून गाडी थांबली ती थांबलीच. एक तास गेला, दोन गेले. नाथाजी सारखा खाली उतरायचा, पाणी बघायचा, वर यायचा. कल्याणला मेल चुकली तर एक दिवस जाणार. रंगुबाई देवाचं नाव घेत नव्हती की कोणाशी बोलत नव्हती. नुसती पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरून बसली होती. शेवटी ड्रायव्हरनं धीर केला आणि गाडी पाण्यात घातली. पुण्यात आगगाडी धरून कल्याणला पोचल्यावर ती दोघं जिना पळत उतरली तेव्हा मेलची शिट्टी झाली होती. आतल्या कोणी तरी रंगुबाईला हाताला धरून वर ओढलं.

नागपूर गेल्यावर नाथाजीच्या सूचना आपोआप बंद झाल्या.

कलकत्त्याचं ऊन त्यानं सांगितल्यासारखंच होतं, पण गाव तसं राहिलं नव्हतं. पुलापाशी तो भांबावून उभा राहिला. सत्तावीस वर्षांत रस्ते बदलले होते, गर्दी बदलली होती. मग रंगुबाईच पुढं झाली आणि पोलिसापुढं पत्त्याचा कागद धरून म्हणाली, "मेरा बच्चा दवाखाने में हाय." पोलिसानं त्यांना बसमध्ये बसवून दिलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नाथाजी बाकावर टेकला. "तू जा."

दादासो वाळला होता, दाढी वाढली होती. आईला बघून तो लहान पोरासारखा रडला. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. जरा शांत झाल्यावर त्यानं विचारलं, "एकटी आलीस?"

तिला खोटं बोलता आलं असतं.

"न्हाई. आबा भाईर हायत. तू बोलावल्याबिगर आत येनार न्हाईत."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्या दिवशी तो पुढं काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बापाचं नाव नाही. नाथाजी सकाळी येऊन बाकावर बसायचा, भेटीची वेळ संपली की उठायचा. एकदाही दारातनं डोकावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. पावसाच्या सरी आडव्या येऊन व्हरांडा धुऊन काढायला लागल्या. दादासो बराच वेळ खिडकीकडं बघत होता.

"व्हरांड्यात पानी येतंय का?"

"येतंय."

"मग भिजत कशाला बसल्यात?"

"बोलावू?"

त्यानं खिडकीवरची नजर काढली. मग म्हणाला, "मी बोलनार न्हाई."

"नगं बोलूस."

तिनं दारात जाऊन हात केला. नाथाजी आला, नखशिखांत भिजलेला, आणि खाटेच्या पायथ्याशी थांबला. एका बाजूला चादर सपाट पडली होती. ती बघितली मात्र, तो तिथंच जमिनीवर बसला.

"आई," बऱ्याच वेळानं दादासो म्हणाला, "त्यास्नी टावेल दे. डोकं पुसू दे."

ती दोघं बारा दिवस राहिली. बापलेकांचं बोलणं तुकड्या-तुकड्यानं सुरू झालं. पाणी द्या, कुबडी इकडं करा, एवढंच. निघायच्या दिवशी दादासो सरळ बापाकडं बघून म्हणाला, "आबा, मी इसरलो न्हाई."

"इसरू नगंस," नाथाजी म्हणाला.

"दिवाळीनंतर सोडतील म्हंत्यात. आई, तू एवढी दगदग करू नगं." त्यानं कुबडी भिंतीला टेकवली. "न्यायला आबांनाच धाड."

रंगुबाई बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसली, डोळे दिसू नयेत म्हणून.