शेजारच्या सीटवर कोण होतं

आमचे जावई माझ्या गेलेल्या लेकाचं फार कौतुक करतात, आणि तेच मला सोसत नाही. गॅरेजात कोणी भेटायला आलं की स्वतः खुर्ची पुसून देतात, चहा सांगतात आणि सुस्कारा टाकून म्हणतात, हात सोन्याचा होता हो त्याचा, पण ॲक्सिलरेटरवर पाय जड. ऐकणारा मान हलवतो आणि पोरगा आपल्याच पायाने मेला हे घेऊन घरी जातो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

माझा लेक गाडी कशी चालवायचा ते मला विचारा. मागच्या सीटवर दुधाचं पातेलं ठेवलं असतं तर साय मोडली नसती. त्याची बहीण त्याला 'आजोबा' म्हणायची. याच्या गाडीतून जाण्यापेक्षा पायी गेलं तर लवकर पोचू, म्हणायची.

शाळा मी तिसरीत सोडली, पण लग्न झाल्यापासून गॅरेजच्या दाराशी बसले आहे. कान आणि डोळे काही सासरी गहाण टाकले नव्हते. टर्बो म्हणजे काय ते मला कळतं. इंजिनातून जळून निघालेला धूर एक चाक फिरवतो, ते चाक पलीकडून इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त, तर ओढ जास्त. पण इंजिन म्हणजे पाहुणा नव्हे, आग्रह करकरून वाढायला. म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप असते. हवेचा दाब ठरल्याइतका झाला की एका बारीक रबरी नळीतून तो एका डबीपर्यंत पोचतो, डबीतली स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि जादा धूर चाकाला न शिवता निघून जातो. ती नळी करंगळीएवढीही जाड नाही. इंजिनाचा जीव तिच्यात.

आमच्या ह्यांनी एक नियम घालून दिला होता. दाबाला हात लावला की पहिली चक्कर पहाटेच्या गारव्यात, आणि चढावर. गार हवा घट्ट असते. दुपारी सपाटीवर गरीब गाईसारखा वागणारा दाब पहाटे चढावर शिंगं दाखवतो. आणि गाडीत माणसं दोन. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा. ज्याने काम केलं त्याने शेजारी बसायचं, मांडीवर दाबाचं मीटर घेऊन. काटा लाल रेघेकडे निघाला की तो म्हणणार, "सोड." चालवणाऱ्याने का म्हणून विचारायचं नाही, पाय उचलायचा. ज्याचा पाना, तो शेजारी. हे गेले, पण नियम राहिला. भांडण होऊन अबोला धरलेले दोघे कारागीरसुद्धा त्या चकरेला एकत्र बसायचे आणि परत येऊन पुन्हा अबोला धरायचे.

जावई आले तेव्हा हाताला दुसरं काम नव्हतं. जिभेवर साखर मात्र भरपूर. गिऱ्हाईक त्यांच्यावर खूश असायचं, फक्त पहाट त्यांना मानवायची नाही.

एक ठेकेदार गाडी घेऊन आला. ओढ वाढवून हवी म्हणाला. लेकाने समजावलं, डबीतली स्प्रिंग ठरवते तेवढाच दाब द्यायचा. जास्त हवं तर गाडीतला पेट्रोलचा पंप बदला, हवा गार करायची जाळी मोठी लावा, मग थोडं थोडं वाढवून बघू. ठेकेदाराचं तोंड कडू झालं. जावयांनी त्याला फाटकाशी गाठलं आणि खांद्यावर हात टाकला. ते मी पाहिलं. काय बोलले ते मात्र ऐकू आलं नाही.

दोन दिवसांनी लेक त्या गाडीची किल्ली घेऊन सकाळी दाराशी उभा राहिला. ठेकेदाराचं घर चढावर, तिथे गाडी पोचवायची होती. त्याने वर बघून मेहुण्यांना विचारलं, शेजारी कोणी बसायचंय का. जावई खिडकीतून, डोळे चोळत म्हणाले, अरे, नुसतं ऑइल बदललंय, त्याला कसला शेजारी. माझ्या लेकाने मान डोलावली. मला म्हणाला, येतो. आणि गेला.

तिसऱ्या वळणावर इंजिन फुटलं. आतला दांडा लोखंड फोडून बाहेर आला आणि सगळं ऑइल त्याच्याच चाकांखाली सांडलं. ऑइलवर आजोबाही घसरतात. कठडा जुना होता.

पोलिसांच्या कागदावर वेग जास्त असं लिहिलं गेलं. गाडी कठडा तोडून खाली गेली, म्हणजे वेगातच असणार. मोडकी गाडी गॅरेजात आली तेव्हा जावयांना ती भंगारात घालायची केवढी घाई. बघवत नाही हो आई, म्हणाले. मी म्हटलं, मला बघवतं, राहू द्या.

मग मी आमच्या जुन्या मिस्त्रींना इंजिन उघडायला सांगितलं. ते पाना हातात घेऊन नुसतेच उभे. म्हणाले, वहिनी, आधी नळी बघतो. मी विचारलं, एवढ्या इंजिनात नेमकी नळीच का? तर ते तिथेच फरशीवर बसले.

जावयांना नळीत भोक पाडलेला स्क्रू कोंबताना मिस्त्रींनी पाहिलं होतं. स्क्रूच्या पुढे नळीला जावयांनी सुईने टोचलंही होतं. म्हणजे हवा वाटेतच गळणार, डबीला दाब कमी वाटणार, झडप उघडायची तेव्हा उघडणार नाही. जावयांनी भर दुपारी सपाट रस्त्यावर एकट्याने चक्कर मारली आणि झालं म्हणाले.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"वाटलं, ज्याने केलं तो शेजारी बसेलच. आपल्याकडे बसतातच, वहिनी. आणि जावयांना मी काय बोलणार?"

त्यांनी नळी कापली आणि स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा.

स्क्रू आणि नळी मी मुठीत घेऊन बाहेर आले. बाहेर दोन जुनी गिऱ्हाइकं बसली होती, लेक चहा देत होती, आणि जावई सुस्कारा टाकून नेहमीच्या वाक्याला आले होते. पाय जड, म्हणाले. मी त्यांच्या बशीत स्क्रू टाकला, शेजारी नळी ठेवली.

चेहरा उतरला, पण जीभ थांबेना. सगळीकडे हेच करतात म्हणाले, एवढ्याशा स्क्रूने काय होतं म्हणाले, गिऱ्हाईक हातचं गेलं असतं म्हणाले. गिऱ्हाइकांनी कप खाली ठेवले. माझ्या लेकीने किटली ठेवली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"आजोबा वेगात होता?" ती म्हणाली. "मला तुम्ही हे सांगितलंत, आणि मी मानलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सासू जावयाचा मान ठेवेल, असं वाटलं असावं. ठेवला.

"जावईबापू, तुम्हाला मी घालवणार नाही. घालवलं तर लोक माझ्या लेकाला विसरून तुमची कीव करतील. तुम्ही इथेच राहायचं. पान्याला हात लावायचा नाही. पण या दारातून जी गाडी पहिल्या चकरेला निघेल, पहाटे, त्याच चढावर, तिच्या शेजारच्या सीटवर मीटर घेऊन तुम्ही बसायचं. मी आहे तोवर. आणि तो कसा गेला असं कोणी विचारलं, तर पाय जड होता म्हणायचं नाही. म्हणायचं, शेजारची सीट रिकामी होती, आणि ती माझी होती."