कॅथरिनचं काय झालं

प्रमोदिनीने ‘कॅथरिन विल्यम, विधवा’ असं पुन्हा एकदा टाइप केलं, आणि कुकरची चौथी शिट्टी झाली तरी ती जागची उठली नाही. स्क्रीनवर सतरा कॅथरिन आल्या. त्यातल्या नऊ जणी वयात बसत नव्हत्या, पाच जणींचे नवरे जिवंत होते, आणि उरलेल्या तिघींना तिने गेल्याच आठवड्यात निकालात काढलं होतं. खिचडी खाली लागल्याचा वास आला तेव्हा ती धावली.

बाहेरच्या खोलीत जिथे सोफा होता तिथे आता दवाखान्यातून आणलेला, वर-खाली होणारा पलंग होता आणि त्यावर तिचा नवरा ह्यू होता. न्यूझीलंडमधल्या हॉर्नबी या उपनगरातल्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. आता त्याला पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. रोज ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करत येणारी नर्स परवा निघताना दारात थांबली आणि हळूच म्हणाली होती, चार-पाच दिवस. त्यातले दोन संपले होते.

“सापडली?” ह्यूने विचारलं. चोवीस वर्षांच्या संसारात दोघं बोलायचे इंग्रजीतच, पण हा एक शब्द त्याने गेल्या महिन्यात मराठीतून उचलला होता.

“बघतेय,” ती म्हणाली आणि करपलेली खिचडी वरवरची काढून ताटलीत घेतली. त्याला ती खायची नव्हतीच. चमचाभर भरवली की ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी परत जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ह्यूचे खापरपणजोबा डेव्हिड ग्रिफिथ वेल्समधल्या एका दगडखाणीच्या गावातून निघाले आणि इथल्या लिटल्टन बंदरात बोटीतून उतरले, त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. मागे विधवा आई होती, कॅथरिन. तिला लवकरच बोलावून घेतो, असं सांगून ते आले होते. बोलावलं नाही. लिहिता येत नव्हतं म्हणून पत्रही टाकलं नाही, आणि मग इतकी वर्षं गेली की दुसऱ्याकडून लिहून घ्यायचीही लाज वाटू लागली. मरताना मात्र त्यांनी मुलाला सांगितलं, आईचं काय झालं ते बघा. ते काम बापाकडून मुलाकडे, एका बिस्किटाच्या डब्यातल्या कागदांसकट येत राहिलं. ह्यूच्या वडिलांनी तो डबा त्याच्या हाती दिला तेव्हा तेही अशाच एका पलंगावर होते. ह्यूने तो प्रमोदिनीला दिला.

सुरुवातीला तिला हे काम अगदीच सोपं वाटलं. ह्यूचे वडील तीस वर्षं ‘ग्रिफिथ’ आडनावाची माणसं धुंडाळत राहिले आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही, कारण त्या काळी तिथे आडनाव असं नव्हतंच. बापाचं नाव तेच मुलाचं आडनाव. डेव्हिडचा बाप ग्रिफिथ विल्यम. त्याचा बाप विल्यम एलिस. दर पिढीला नाव बदलत जायचं. ह्यूचे वडील बिचारे यात पार गोंधळून गेले होते. प्रमोदिनीने मात्र एका दुपारी तीन पिढ्या उलगडून दाखवल्या.

“हे तर आमच्यासारखंच आहे,” ती ह्यूला म्हणाली होती. “बापाचं नाव पोराच्या मागे. यात न समजण्यासारखं काय आहे?”

तिने स्वतः तरी वेगळं काय केलं होतं? लग्नानंतर इथल्या अर्जांवर तिने पुण्याच्या रीतीने नवऱ्याचं नाव मध्ये घातलं. तेव्हापासून दवाखान्यातल्या मुली तिला ‘मिसेस ह्यू’ म्हणून हाका मारत. मुलीचं नाव सिद्धी ह्यू ग्रिफिथ. वर्गातली मुलं त्यावरून तिची टर उडवत, आणि सिद्धी घरी येऊन दार आपटत असे. एवढा अनुभव पाठीशी असलेल्या बाईला वेल्सच्या नोंदी समजायला कितीसा वेळ लागणार?

पण कॅथरिन सापडेना. कॅथरिन विल्यम नाही, कॅथरिन ग्रिफिथ नाही. शिरगणतीत नाही, दफनाच्या नोंदींत नाही. मुलगा बोटीत चढला आणि आई पृथ्वीच्या पाठीवरून पुसली गेली. आता प्रमोदिनीला धड झोप लागत नव्हती. सकाळी तिने सिद्धीला काही कारण नसताना झापलं होतं आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली होती. ह्यू जाणार हे तिने कसंबसं गिळलं होतं. तो विचारत विचारत जाणार, हे मात्र तिला सहन होत नव्हतं.

आणि हे तिला का सहन होत नव्हतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिची आई कोथरूडला एकटी राहायची. दर रविवारी फोन. हॅलो म्हणायच्या आधी आईचा पहिला प्रश्न एकच, “तिकडे किती वाजले?” जसं काही मागच्या रविवारपासून न्यूझीलंडचं घड्याळ हललंच असेल. ह्यू हे ऐकून ऐकून शिकला. तो फोनशी तोंड नेऊन मोठ्या थाटात सांगायचा, “नऊ वाजले, आई.” आणि पलीकडे आई हसायची. जावयाशी तिचं एवढंच संभाषण, पण ते जवळजवळ वीस वर्षं चाललं.

मग ते साथीचं वर्ष आलं. मे महिन्यात आई आजारी पडली. प्रमोदिनी गेली असती तर परत येणं कधी जमेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. इथे ह्यूचं पहिलं ऑपरेशन ठरलेलं होतं. ती गेली नाही. आईच्या शेजारच्या सुनीताताईंनी व्हिडिओ कॉल लावून फोन तिच्यासमोर धरला होता. त्यानंतर प्रमोदिनी बाहेरच्या खोलीत आली, “आई गेली” एवढंच म्हणाली, आणि धुतलेले कपडे वाळत घालायला निघून गेली. ह्यूने नंतर दोनदा विचारून पाहिलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तीन वाजता, सकाळीच येऊन पडलेली ई-मेल तिच्या नजरेस पडली. वेल्सच्या त्या गावात चॅपलच्या, म्हणजे तिथल्या प्रार्थनाघराच्या, जुन्या वह्या सांभाळणाऱ्या एका बाईंना प्रमोदिनीने आठवड्यापूर्वी लिहिलं होतं. बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं होतं, तुम्ही कॅथरिनला नवऱ्याच्या नावाने का शोधताय? आमच्याकडे त्या काळी लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नसे. बापाचं नाव तिच्यामागे मरेपर्यंत राही. तुम्हीच पाठवलेल्या डेव्हिडच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव स्पष्ट आहे, कॅथरिन रोलंड.

प्रमोदिनीने डब्यातली नोंद काढली. रोलंड हे नाव तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं. माहेरचं नाव म्हणून सोडून दिलं होतं. लग्न झालेल्या बाईला माहेरच्या नावाने कुणी शोधेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. महिनाभर ती मेहनतीने चुकीच्या बाईच्या मागे फिरत होती.

ई-मेलला एक फोटोही जोडलेला होता. जिथे अनाथ आणि निराधारांना ठेवत, त्या गरीबघराच्या वहीतली एक ओळ. सिद्धी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे किराणा दुकानातून, बापाच्या कोरड्या तोंडासाठी आइसब्लॉक, बर्फाची कांडी, घेऊन आली आणि आईच्या खांद्यावरून वाकून वाचू लागली. कॅथरिन रोलंड, विधवा, वय चौऱ्याहत्तर. अकरा वर्षं इथे. मुलगा परदेशी, पत्ता नाही. भेटीस कोणी नाही. दफन गावाच्या खर्चाने, खूण नाही.

आइसब्लॉक सिद्धीच्या हातात वितळून टेबलावर थेंब पडत होते.

“मम, यू कान्ट टेल हिम दॅट,” सिद्धी म्हणाली.

“माहितेय मला,” प्रमोदिनी म्हणाली. तिने लॅपटॉप मिटला, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेरच्या खोलीत गेली.

ह्यू जागा होता. तिचा चेहरा पाहून त्याने विचारलंच नाही, फक्त वाट पाहिली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

“सापडली,” ती म्हणाली.

मग तिने सांगायला सुरुवात केली. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. कॅथरिन आपल्याच घरी वारली, ती म्हणाली. एकटी नव्हती. शेजारची एक बाई रोज यायची, पेज करून द्यायची, केस विंचरायची. शेवटच्या दिवशीही ती उशाशी बसून होती. खिडकीतून ऊन येत होतं. मुलाचा राग नव्हता तिच्या मनात. शेजारीण म्हणाली, तुमचा मुलगा तिकडे सुखात आहे, तर तिने मान हलवली, मला ठाऊक आहे म्हणून. मग एकदम डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण ऐकू आला. तिने विचारलं, “तिकडे किती वाजले?”

सगळं इंग्रजीत सांगताना एवढं एक वाक्य मराठीत निघून गेलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“आणि मग?” ह्यूने विचारलं.

“मग नाही. मग त्या बाईने फो…” ती थांबली. “मग संपलं.”

ह्यू तिच्याकडे पाहत राहिला. इतका वेळ की तिला वाटलं, झोप लागली असावी त्याला, डोळे उघडे ठेवून. स्वयंपाकघराच्या दारात सिद्धी भिंतीला टेकून उभी होती.

“आणि तू काय सांगितलंस?” तो म्हणाला.

तिने हात सोडवून घ्यायला पाहिलं. त्याच्या बोटांत जोर नव्हता, तरी त्याने तो सोडला नाही.

“काही नाही,” प्रमोदिनी म्हणाली. “मला बोलताच आलं नाही रे. ती विचारत होती आणि मी नुसती रडत होते. नंतर फोनमध्ये छत दिसत राहिलं, कितीतरी वेळ. तिला उत्तर न मिळताच गेली ती.”

पाच वर्षांत हे पहिल्यांदा ती बोलली होती. तिने त्याच्या चादरीत तोंड खुपसलं. पाठ हलत होती, आवाज मात्र येत नव्हता.

ह्यूने मान वळवली. एवढ्याशा हालचालीलाही त्याला वेळ लागला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने डोळे बारीक करून पाहिलं, आणि कोरडे ओठ ओले करून, रविवारच्या आवाजात, सावकाश म्हणाला,

“चार वाजले, आई.”